कारखान्यातील यंत्रांचा जाबसाल

साखर कारखान्याचा गळीत हंगाम जवळ आला की बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचा मुहूर्त ठरतो आणि गव्हाणीत पहिली मोळी टाकण्याच्या समारंभाची निमंत्रणे छापली जातात. या समारंभाशी ज्यांचा फारसा संबंध येत नाही अशी इन्स्ट्रुमेंट विभागातील दोन-चार माणसे मात्र त्या दिवसांत नियंत्रण-कक्षातील पडद्याकडे चिंतेने पाहत असतात. कारण मिलच्या मोटारी किती प्रवाह घेतात, बॉयलरातील वाफेचा दाब किती आहे, टर्बाइनवर किती किलोवॅट वीज निर्माण होते आणि तिच्यापैकी किती कारखान्यात खर्ची पडून किती बाहेरच्या वीजजाळ्यात जाते, हे सर्व आकडे त्या पडद्यावर उमटावयाचे असतात, आणि त्यांतील एकाच्याही जागी अंकांऐवजी आडव्या रेषा दिसू लागल्या म्हणजे हंगाम संपेपर्यंत आपल्यामागे तक्रारींचा ससेमिरा लागणार, हे त्यांना पुरते ठाऊक असते. हे आकडे पडद्यापर्यंत ज्या वाटेने येतात ती वाट म्हणजे बहुधा एक बारीकशी केबल आणि तिच्यात परस्परांभोवती पिळलेल्या दोन तारा, एवढीच असते. त्या दोन तारांवर यंत्रे एकमेकांशी कशी बोलतात, ते बोलणे सुरळीत चालावे म्हणून आरंभी कोणता बंदोबस्त करावा लागतो, आणि ते मध्येच खंडित झाल्यास दोष कोठे शोधावयाचा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीला आपल्या कारखान्यांतील रिलेंच्या अवाढव्य कपाटांचा उबग आला होता. मोटारीचा नमुना बदलला की त्या कपाटांतील असंख्य जोडण्या उकलून पुन्हा बांधाव्या लागत, आणि या खटाटोपातून सोडवील असे एखादे यंत्र तिला हवे होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील बेडफर्ड असोसिएट्स या लहानशा संस्थेतील डिक मॉर्ली व त्यांचे सहकारी यांनी जे यंत्र सिद्ध केले, ते त्या संस्थेचे चौऱ्यांशीवे काम असल्यामुळे ०८४ या क्रमांकानेच ओळखले गेले, आणि त्याच्या विक्रीसाठी मॉडिकॉन नावाची कंपनी निघाली. आज औद्योगिक वसाहतीतील पोरसवदा वायरमनही ज्याला सहजपणे पीएलसी म्हणतो, त्या नियंत्रकाचा हा मूळपुरुष. पुढे १९७९ साली याच कंपनीने आपल्या नियंत्रकांच्या परस्पर-संभाषणासाठी मॉडबस या नावाची एक नियमावली प्रसिद्ध केली. ती कोणासही वापरण्यास मोकळी होती, आणि तिची रचना इतकी साधी होती की अगदी अल्पबुद्धी उपकरणालाही ती पेलावी. या दोन गुणांमुळे, तिच्यापेक्षा कितीतरी चतुर आणि वेगवान अशा प्रोफिबसादी नियमावल्या मागाहून येऊनही, मॉडबस मागे पडली नाही; वीजमीटर, तापमान-दर्शक, मोटारींची गती बदलणारे ड्राइव्ह यांतील बहुसंख्य उपकरणांवर आजही तिची दोन टर्मिनले सापडतात. विद्वानांनी तिला नावे ठेवावीत आणि कारखानदारांनी ती वापरीत राहावी, असे गेली चाळीसहून अधिक वर्षे चालले आहे, आणि या वादात प्रस्तुत लेखकाचा कल कारखानदारांकडे आहे.

मामलेदार कचेरीत ज्याच्या नावाचा पुकारा होईल त्यानेच पुढे यावे, विचारले असेल तेवढ्याचाच जबाब द्यावा आणि पुन्हा मुकाट्याने आपल्या जागी जाऊन उभे राहावे, असा जो जुना शिरस्ता, तोच मॉडबसचा शिरस्ता होय. प्रश्न विचारण्याचा अधिकार एकट्या मास्टरचा, म्हणजे बहुधा पीएलसीचा. बाकीची सर्व उपकरणे स्लेव्ह, आणि त्यांपैकी कोणालाही आपण होऊन तोंड उघडण्याची मुभा नाही. प्रत्येक स्लेव्हला १ ते २४७ यांपैकी एक क्रमांक दिलेला असतो. ० हा क्रमांक सर्वांना एकदम उद्देशून काढलेल्या हुकमासाठी राखलेला असून त्याला कोणीही उत्तर द्यावयाचे नसते. मास्टर तारेवर जो प्रश्न सोडतो त्यात आरंभी हा क्रमांक, मग कोणते काम करावयाचे त्याचा संकेतांक, मग कोणत्या रजिस्टरापासून किती रजिस्टरे वाचावयाची त्याचा तपशील, आणि शेवटी सीआरसी या नावाची दोन बाइटांची एक पडताळणी-संख्या असते. ही संख्या मागील सर्व बाइटांवरून एका ठरावीक गणिताने काढलेली असल्यामुळे वाटेत एखादा बिट जरी बिघडला तरी घेणाऱ्याच्या गणिताशी ती जुळत नाही. आणि न जुळल्यास स्लेव्हने काय करावयाचे याबद्दल नियमावली अगदी स्पष्ट आहे. त्याने गप्प बसावयाचे. प्रश्न नीट ऐकू आला नाही, पुन्हा विचारा, असे म्हणण्याचीही त्याला परवानगी नाही. हा नियम वाचकाने विशेष लक्षात ठेवावा, कारण पुढील सगळा तपास त्याच्यावर उभा आहे.

हे झाले भाषेविषयी. ती ज्या तारांवरून वाहते त्यांचा कायदा निराळा असून त्याचे नाव आरएस-४८५ असे आहे. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने तो १९८३ साली प्रसिद्ध केला. त्यातील युक्ती अशी की संदेश एका तारेच्या जमिनीसापेक्ष दाबावरून न वाचता दोन तारांमधील दाबाच्या अंतरावरून वाचावयाचा. बाहेरून आलेला उपद्रव, मग तो शेजारून जाणाऱ्या मोटारीच्या केबलचा असो की आकाशातील विजेचा, परस्परांभोवती पिळलेल्या दोन्ही तारांवर बहुतांशी सारखाच पडतो, आणि म्हणून त्यांच्यातील अंतर काढले असता तो आपोआप वजा होतो. पाठविणाऱ्याने निदान १.५ व्होल्टचे अंतर निर्माण करावे आणि घेणाऱ्याला ०.२ व्होल्टचे अंतरही ओळखता यावे, अशी अट असल्यामुळे वाटेत बरीचशी घट सोसूनही संदेश टिकतो. वेग बेताचा ठेवल्यास १२०० मीटरपर्यंत केबल नेता येते आणि मूळ प्रमाणाप्रमाणे एका केबलवर ३२ उपकरणे बसतात. पुढील काळातील चिपा तारेवर कमी भार टाकीत असल्यामुळे ही संख्या आज वाढली आहे.

एवढ्या उदार कायद्याच्याही काही हद्दी आहेत, आणि उभारणीच्या वेळी जे दोष पेरले जातात ते बहुतेक या हद्दी न जाणल्यामुळेच. पहिली गोष्ट केबलच्या मार्गाची. घरातील दिव्यांची वायरिंग करण्यात ज्याची हयात गेली त्या वायरमनला प्रत्येक उपकरणापर्यंत पॅनेलपासून स्वतंत्र केबल ओढणे अगदी स्वाभाविक वाटते. परंतु आरएस-४८५ ला हा फाटे फुटलेला विस्तार मानवत नाही. केबल पहिल्या उपकरणापासून दुसऱ्याकडे, तेथून तिसऱ्याकडे, अशी एकाच ओळीत शेवटपर्यंत जावी लागते. याचे कारण असे की तारेतून धावणारा स्पंद जेथे तार संपते तेथे परत फिरतो, आणि परतलेला स्पंद मागून येणाऱ्या स्पंदांत मिसळून त्यांचा आकार बिघडवितो. हे परावर्तन थोपविण्यासाठी ओळीच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त दोन्ही टोकांनाच, १२० ओहमचा एकेक रोध, म्हणजेच टर्मिनेशन, जोडतात, कारण पिळलेल्या तारांच्या अशा केबलचा स्वाभाविक रोध सुमारे तितकाच असतो. मध्येच फाटा फुटला की तेथे तिसरे टोक निर्माण होते आणि त्याचा बंदोबस्त कोणीच केलेला नसतो. सेकंदाला ९६०० बिटांच्या मंद वेगाला फाट्यांचे हे पाप पुष्कळदा पचून जाते, हे खरे. एक बिट तेथे सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो आणि शंभर मीटरच्या केबलवरून स्पंद अर्ध्या मायक्रोसेकंदात पलीकडे पोहोचतो, तेव्हा परावर्तने बिटाच्या आरंभीच विरून जातात. पण असा कारभार चालला म्हणून तो बरोबर होता असे नव्हे. पुढे कोणी उत्साही अभियंता वेग बारापट वाढवितो, आणि मग तीच केबल एकाएकी वाईट ठरते.

दुसरी गोष्ट तारांच्या स्तब्धतेची. मास्टरचा प्रश्न संपून स्लेव्हचे उत्तर सुरू होईपर्यंत तारांवर कोणीच बोलत नसते, आणि त्या क्षणी दोन तारांमधील अंतर ०.२ व्होल्टच्या आत तरंगत राहिले तर घेणारी चिप त्या शांततेतच काही तरी ऐकू लागते. म्हणून एका ठिकाणी, शक्यतो मास्टरपाशी, एक तार पाच व्होल्टकडे आणि दुसरी शून्याकडे रोधांनी किंचित ओढून ठेवतात; दोन्हीकडे ५६० ओहम घातल्यास दोन टर्मिनेशनांच्या ६० ओहमवर सुमारे पाव व्होल्ट उरतो आणि तेवढा पुरतो. तिसरी गोष्ट तिसऱ्या तारेची, जी जोडण्याचा कंटाळा सर्वत्र आढळतो. दोन तारांतील अंतर महत्त्वाचे असले तरी त्या दोघी मिळून चिपच्या जमिनीपासून उणे ७ ते अधिक १२ व्होल्टांच्या बाहेर गेल्या की चिप बधिर होते, आणि कधी कधी जळते. मिल हाउस, बॉयलर आणि डिस्टिलरी यांच्या इमारती स्वतंत्र, त्यांचे अर्थिंग स्वतंत्र, आणि मोठ्या मोटारी सुरू होताना त्या अर्थिंगांमध्ये कितीही अंतर पडू शकते. अशा ठिकाणी समाईक तार तरी न्यावी, नाहीतर मध्ये विलगीकरण करणारा रिपीटर घालावा. आणि अंतर मोठे असेल तर सरळ फायबर टाकून या साऱ्या विवंचनेतून मोकळे व्हावे.

केबलमधील तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाविषयी, म्हणजे शील्डविषयी, मतभेद फार. मॉडबसची नियमावली ती एका टोकाला अर्थ करावयास सांगते, प्रोफिबसचे जाणकार दोन्ही टोकांना करावी म्हणतात, आणि कारखान्यात ती पुष्कळदा दोन्ही टोकांना कापून टेप गुंडाळलेली आढळते, जी पद्धत कोणत्याच ग्रंथात सांगितलेली नाही.

उपकरणे जागेवर चढविण्यापूर्वी प्रत्येकाला टेबलावर घेऊन त्याचा क्रमांक, बॉड रेट (म्हणजे बिटांचा वेग) आणि पॅरिटी (म्हणजे प्रत्येक बाइटामागचा पडताळणीचा बिट) ठरवावी, लॅपटॉप व यूएसबी कन्व्हर्टर यांच्या साहाय्याने त्याला एकेकटे विचारून पाहावे, आणि त्याने दिलेला एखादा आकडा त्याच्याच पडद्याशी ताडून मगच त्याला पॅनेलमध्ये बसवावे. नवा मीटर कंपनीतून येताना बहुधा १ हाच क्रमांक घेऊन येतो. तसेच पाच मीटर घाईने एका केबलवर जोडले की मास्टरने १ ला हाक मारताच पाचही एकदम बोलू लागतात आणि कोणाचेच बोलणे कळत नाही. पॅरिटीबाबत नियमावलीची मूळ अपेक्षा सम पॅरिटीची असली तरी व्यवहारात पॅरिटी नसलेली मांडणी अतिशय रूढ आहे. काहीही निवडावे, परंतु एका केबलवर सर्वांचे एकच असावे. केबल ओढून झाली की वीज देण्यापूर्वी मल्टिमीटरने दोन तारांमधील रोध मोजावा. दोन्ही टोकांची टर्मिनेशने जागेवर असतील तर तो ६० ओहमच्या आसपास, लांब केबलवर थोडा अधिक येतो. १२० आल्यास एक टर्मिनेशन राहिले आहे किंवा तार कोठे तरी तुटली आहे, ४० आल्यास कोणी तरी मधल्या उपकरणावरचे टर्मिनेशनही चालू करून ठेवले आहे, आणि शून्याजवळ आल्यास एखाद्या ग्लँडपाशी तारा चिरडल्या आहेत. पाच मिनिटांच्या या मोजमापाने पुढचे पाच दिवस वाचतात, तरी ते क्वचितच केले जाते, आणि केले तरी लिहून ठेवले जात नाही.

आता तपासाविषयी. पडद्यावर आडव्या रेषा दिसल्या की नियंत्रण-कक्षातील मंडळींचा पहिला संशय पीएलसीच्या प्रोग्रॅमवर जातो, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा केबलवर, आणि केबल टाकणाऱ्याचा मीटरवर. या फौजदारीत न पडता एक प्रश्न आधी विचारावा: उपकरण उत्तर देतच नाही, की विकृत उत्तर देते, की नकार देते, की शहाजोगपणे चुकीचे उत्तर देते? या चारही अवस्था पडद्यावर पुष्कळदा सारख्याच दिसतात. परंतु लॅपटॉपवरील मॉडबस तपासणीच्या कोणत्याही साध्या प्रोग्रॅममध्ये त्या स्पष्टपणे निराळ्या दिसतात, आणि प्रत्येकीची मुळे निराळ्या ठिकाणी असतात.

मौन हे सर्वांत कमी माहिती देते. उपकरणाला वीज नसेल, तार तुटली असेल, क्रमांक चुकला असेल, बॉड रेट वा पॅरिटी जुळत नसेल, दोन तारांची अदलाबदल झाली असेल, तरी परिणाम एकच. बॉड रेट चुकला तर निदान काही तरी वेडेवाकडे उत्तर येईल अशी पुष्कळांची समजूत असते. ती निराधार आहे, कारण न समजलेल्या प्रश्नाला गप्प बसण्याचा हुकूम स्लेव्हला आहे हे वर सांगितलेच. तारांच्या अदलाबदलीचा प्रमाद तर उत्पादकांनीच आमंत्रित केलेला. प्रमाणात ज्या तारेला ए म्हटले आहे तिलाच अनेक चिप-उत्पादक बी म्हणतात, त्यामुळे दोन कंपन्यांची उपकरणे ए ला ए आणि बी ला बी असे निष्ठेने जोडूनही उलटी जोडलेली निघतात. सुदैवाने अशा जोडणीने काहीही जळत नाही, तेव्हा नवे उपकरण गप्प असल्यास दोन तारा फिरवून पाहण्यात संकोच बाळगू नये. जुने, चालते उपकरण गप्प झाले असेल तर मात्र आधी त्याचे शेजारी पाहावेत. ओळीतील एकटेच गप्प असेल तर दोष त्याच्या घरचा. त्याच्यापासून पुढचे सगळेच गप्प असतील तर त्याच्या अलीकडे तार सुटलेली. आणि सगळेच्या सगळे गप्प असतील तर मास्टरचे पोर्ट, नाहीतर कोठे तरी झालेला शॉर्ट. असा शॉर्ट शोधण्यास ओळ मधोमध सोडवावी, अलीकडचा अर्धा भाग बोलू लागतो की नाही ते पाहावे आणि दोषी अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावेत. बत्तीस उपकरणांच्या ओळीत पाच वेळा सोडविल्यावर अपराधी हाती लागतो.

विकृत उत्तर, म्हणजे सीआरसी न जुळणारे उत्तर, ऐकून माणसे घाबरतात. वस्तुतः ते शुभवर्तमान आहे. उपकरणाने उत्तर दिले याचा अर्थच असा की प्रश्न त्याला समजला, अर्थात क्रमांक, वेग, पॅरिटी, तारांची दिशा हे सर्व बरोबर आहे, आणि बिघाड परतीच्या वाटेत आहे. येथे दोन उपकरणांना एकच क्रमांक दिला गेला आहे काय ते प्रथम पाहावे. दोघांपैकी एकाची वीज काढताच दुसरे शहाण्यासारखे बोलू लागले तर निवाडा तेथेच झाला. तसे नसेल तर टर्मिनेशन आणि स्तब्धतेचे रोध तपासावेत. त्यानंतर राहतो तो ड्राइव्हचा उपद्रव. ड्राइव्हच्या आतील अर्धवाहक स्विच सेकंदाला काही हजार वेळा शेकडो व्होल्ट तोडतात-जोडतात, आणि त्याच्यापासून मोटारीपर्यंत जाणारी केबल आपल्या शेजारच्या ट्रेमधील प्रत्येक तारेला ते कळवीत असते. या दोषाचा स्वभाव असा की तो वेळ पाहून येतो. मिल बंद असताना सर्व आकडे स्वच्छ येतात, गाळप सुरू झाले की चुका सुरू होतात, आणि तपासनीस मिल थांबलेली असताना आला तर त्याला काहीच सापडत नाही. म्हणून चुकांची नोंद वेळेसह ठेवावी आणि ती मिलच्या कामाच्या नोंदवहीशी लावून पाहावी. दोन्हींची रुजवात पटली म्हणजे संवाद-केबल मोटारीच्या केबलपासून निराळ्या ट्रेमध्ये न्यावी, आणि जेथे ओलांडणे अपरिहार्य असेल तेथे ती काटकोनात ओलांडावी. चुका लपविण्यासाठी प्रोग्रॅममध्ये पुनःप्रश्नांची संख्या वाढविणे हा उपाय मी तरी उपाय मानीत नाही.

नकाराचे उत्तर तर याहूनही उपकारक. स्लेव्हला प्रश्न नीट पोहोचला पण तो पुरा करणे शक्य नसले, तर तो कामाच्या संकेतांकात सर्वांत वरचा बिट चढवून परत पाठवितो. ३ या संकेतांकाच्या जागी षोडशमानात ८३ आले की नकार आला असे समजावे. त्याच्या पाठोपाठ कारणाचा आकडा असतो: १ म्हणजे हे काम मला येत नाही, २ म्हणजे या पत्त्यावर माझे रजिस्टर नाही, ३ म्हणजे मागणीतील संख्याच गैर आहे. असे उत्तर हाती आल्यावरही जो माणूस केबल बदलावयास निघतो त्याला आवरावे, कारण तारांनी आपले काम निर्दोषपणे केल्याचा तो लेखी दाखलाच आहे. यांतील २ हे कारण सर्वांत अधिक भेटते, आणि त्याच्या मुळाशी बहुधा एकाचा फरक असतो. मीटरच्या पुस्तकात रजिस्टर ४०००१ असे छापलेले असते, तारेवर मात्र तेच रजिस्टर ० या पत्त्याने मागावे लागते. काही प्रोग्रॅम ही वजाबाकी स्वतः करतात, काही करीत नाहीत, आणि काही पुस्तके आधीच वजा करून छापलेली असतात.

चौथी अवस्था खरी घातक, कारण तिच्यात कोणीही तक्रार करीत नाही. सीआरसी जुळते, नकार नाही, पडद्यावर आकडा उमटतो, आणि तो खोटा असतो. वरील एकाच्या फरकाने शेजारचे रजिस्टर अस्तित्वात असले तर नकार न येता त्या शेजाऱ्याचाच आकडा येतो, आणि आर फेजचा दाब म्हणून वाय फेजचा दाब वर्षानुवर्षे नोंदला जातो. दोन्ही जवळजवळ सारखेच असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. मॉडबसचे रजिस्टर १६ बिटांचे. दशांश-चिन्ह असलेली ३२ बिटांची संख्या दोन रजिस्टरांत विभागून येते, आणि त्यांतील वरचा अर्धा भाग आधी की खालचा, याबद्दल नियमावलीने मौन पाळल्यामुळे उत्पादकांनी आपापला रिवाज पाडला आहे. ४१५ व्होल्ट ही संख्या षोडशमानात ४३सीएफ आणि ८००० अशा दोन भागांत येते. हे भाग उलट्या क्रमाने जोडले तर जी संख्या बनते ती इतकी सूक्ष्म की पडद्यावर नुसते शून्य दिसते, आणि चालत्या मोटारीवर दाब शून्य कसा म्हणून मीटर बदलला जातो. वीज बाहेर विकणाऱ्या कारखान्यांत याच जातीचा आणखी एक चमत्कार घडतो. मुख्य मीटरवर वीज बाहेर जाऊ लागली की काही मीटर ती ऋण संख्येने दाखवितात. पीएलसीने ते रजिस्टर चिन्हरहित म्हणून वाचले तर उणे २० च्या जागी ६५५१६ उमटतात. एवढा आकडा कोणाच्याही डोळ्यांत भरतो हे नशीब. चूक प्रमाणात असती तर ती थेट हिशेबाच्या दफ्तरात जाऊन बसली असती. म्हणून जोडणीच्या दिवशी प्रत्येक आकडा मीटरच्या स्वतःच्या पडद्याशी, आणि तोही भार कमी-जास्त करून, दोन्ही दिशांनी ताडून घेणे हाच या अवस्थेवरील एकमेव बंदोबस्त आहे.

मंदगतीची तक्रार निराळी, आणि तिचे उत्तर साध्या गणितात आहे. दहा रजिस्टरे मागणारा प्रश्न ८ बाइटांचा, त्याचे उत्तर २५ बाइटांचे. प्रत्येक बाइटाला तारेवर ११ बिट लागतात, म्हणजे ३६३ बिट, आणि ९६०० च्या वेगाने त्यांना सुमारे ३८ मिलिसेकंद लागतात. प्रश्न व उत्तर यांच्या आजूबाजूला साडेतीन अक्षरांइतके, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंदांचे सक्तीचे मौन असते, आणि स्लेव्हला विचार करावयास दहाएक मिलिसेकंद धरले तर एका मीटरची हजेरी ५६ मिलिसेकंदांत आणि वीस मीटरांची सव्वा सेकंदाच्या आत आटोपते. आता यांतील एक मीटर मेला असे समजा. मास्टरने उत्तरासाठी एक सेकंदाची मुदत आणि एकूण तीन वेळा विचारण्याचा नेम ठेवला असेल, तर त्या एकट्या मेलेल्या मीटरपायी तीन सेकंद फुकट जातात आणि उरलेल्या एकोणीस निरोगी मीटरांचे आकडेही चार सेकंदांनी शिळे येऊ लागतात. सर्वच आकडे मंद झाले म्हणून मास्टरला दोष देण्यापूर्वी हजेरीपटावर मृत नाव तर राहिले नाही ना, ते पाहावे. दुरुस्तीला गेलेल्या मीटरचे नाव प्रोग्रॅममधून तात्पुरते काढण्याची सोय आरंभीच ठेवली तर हा प्रसंग येत नाही.

अलीकडे हाच जाबसाल इथरनेटच्या केबलवरूनही चालतो. तेथे सीआरसी आणि मौनाचे नियम इथरनेटच्या स्वाधीन होतात, पोर्ट ५०२ ठरलेले असते, आणि जुन्या दोन तारांवरील मीटरांना जोडण्यासाठी मध्ये गेटवे बसवितात. पिंगला उत्तर आले म्हणजे गेटवे जिवंत आहे एवढेच सिद्ध होते, त्याच्या मागचा मीटर नव्हे. परंतु नकाराच्या कारणात ११ आले तर गेटवेने मीटरला विचारले आणि मीटर गप्प राहिला असा त्याचा अर्थ असतो, आणि तपास पुन्हा त्या जुन्या तारांकडे वळतो. दोन उपकरणांना एकच आयपी पत्ता देण्याचा प्रमाद येथेही सुखाने नांदतो. मात्र इथरनेटबरोबर एक नवी जोखीम येते. मॉडबसच्या मूळ रचनेत विचारणारा कोण आहे हे तपासण्याची काहीच तरतूद नाही. जो कोणी पोर्ट ५०२ पर्यंत पोहोचेल त्याला रजिस्टर वाचताही येते आणि लिहिताही येते. जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनमधील ल्विव्ह शहरात याच मार्गाने उष्णता-पुरवठ्याच्या नियंत्रकांना खोटे हुकूम धाडण्यात आले आणि कडाक्याच्या थंडीत सहाशेहून अधिक इमारतींची ऊब जवळजवळ दोन दिवस गेली. दोन तारांच्या काळात कारखान्याचे फाटक हेच संरक्षण होते. इथरनेट आल्यावर नियंत्रकांचे जाळे कार्यालयीन जाळ्यापासून आणि इंटरनेटपासून अलग ठेवण्याचे काम कोणाच्या तरी नावावर लिहून द्यावे लागते.

ज्यांच्या हाती अशी एखादी केबल सोपविलेली आहे त्यांना एकच विनंती. हंगाम सुरू होण्यापूर्वी एका कागदावर उपकरणांचे क्रमांक ओळीतील त्यांच्या खऱ्या अनुक्रमाने लिहावेत, त्याखाली वेग व पॅरिटी, दोन्ही टर्मिनेशनांच्या जागा, शील्ड कोठे अर्थ केली आहे ते ठिकाण, आणि वीज देण्यापूर्वी मोजलेला रोध व स्तब्ध तारांमधील दाब यांची तारखेसह नोंद करावी, आणि तो कागद संगणकात न ठेवता पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा. कारण रात्रपाळीत दोष येतो तेव्हा संगणकाचा संकेतशब्द ठाऊक असलेला माणूस घरी झोपलेला असतो.